जे मी ब्रिजला कळवलं नाही

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता, मला आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावातल्या एका क्लिनिकमध्ये छोट्या बंद खोलीत बसवण्यात आलं. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. मी इथे मुलीकडे, शिल्पाकडे, तीन महिन्यांसाठी आलोय. बाबा टीव्ही इतका मोठ्यानं लावतात की शेजारच्यांना बातम्या पाठ झाल्या, ही तिची तक्रार. कान तपासणारी आयरिश बाई हसतमुख होती. तिनं सांगितलं, आवाज आला की बटण दाबायचं. खात्री नसली तरी दाबायचं. नुसतं वाटलं तरी दाबायचं. मी मान डोलावली. तिनं दार लावलं आणि माझ्या तळहातांना घाम सुटला.

हीच सूचना मला विसाव्या वर्षी नौदलाच्या ट्रेनिंगमध्ये मिळाली होती. वाटलं तरी कळवा. निर्णय ब्रिज घेईल. ब्रिज म्हणजे कॅप्टन उभा राहून जहाज चालवतो ती वरची जागा.

माझं नाव विष्णू कदम. चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. मूळचा माण तालुक्यातला. आमच्याकडे पोहायला शिकावं तर विहिरीला पाणी नाही, आणि भरती झालो नौदलात. गावात लोक आजही हसतात. एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि विलायती बनावटीच्या एका जुन्या फ्रिगेटवर सोनार ऑपरेटर होतो. जहाजाचं नाव लिहीत नाही. त्यावरची काही माणसं अजून हयात आहेत.

सोनारचं काम सांगायला सोपं आहे. जहाजाच्या पोटाखालून पाण्यात एक आवाज, पिंग, सोडायचा. तो कशावर तरी आपटून परत आला की हेडफोनमध्ये ऐकू येतो, तो एको. पोलादावरून आलेला टणक लागतो, मासळीवरून आलेला पसरट. हे झालं पुस्तकातलं. समुद्रात ऊन चढलं की वरचं पाणी तापतं, आवाज वाकतो, सगळंच पुसट होतं. दुपारी दोन ते चार जहाज बहिरं असतं असं आम्ही म्हणायचो. शत्रूच्या पाणबुडीलाही ते ठाऊक असायचं.

सोनार रूम म्हणजे एक कपाट. दोघं आत गेले की तिसऱ्यानं बाहेर उभं राहून श्वास घ्यायचा. कान थकतात म्हणून दर अर्ध्या तासाला माणूस बदलायचा. माझ्या आधी लीडिंग सीमन जनार्दन नाखवा असायचा. अलिबागेजवळच्या कोळीवाड्यातला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. त्याचा बाप वल्ह्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं कानाला लावून मासळी कुठे आहे ते ऐकायचा. त्यानं पोरालाही शिकवलं होतं. नाखवा मला म्हणायचा, "कदम, तुला ताटातला बांगडा वलखत नाय, पान्यातला काय वलखशील?" खरंच होतं ते. मी बांगडा पहिल्यांदा पाहिला तो नेव्हीच्या मेसमध्ये.

डिसेंबरात आम्हाला एस्कॉर्ट ड्यूटी लागली. तीन व्यापारी जहाजं मुंबईपर्यंत सुखरूप आणायची. मधलं जहाज तेलाचं. आम्ही पुढे, नागमोडी चाललेलो, म्हणजे पाणबुडीला नेम धरता येऊ नये. निघायच्या आधी आपलं एक जहाज बुडाल्याची बातमी आली होती. त्यावर माझ्या बॅचची मुलं होती.

त्या बातमीनंतर कुणी खाली मेसडेकमध्ये झोपेना. खालची बाजू पाण्याच्या रेषेखाली असते. सगळे लाइफ जॅकेट घालून वरच्या डेकवर पडायचे. आंघोळीला कुणी जाईना, साबण लावलेला असताना काही झालं तर? मेसमध्ये पळी आपटली तरी मी उठून उभा राहायचो. मी भ्यालो होतो. नुसता सावध नव्हतो, भ्यालो होतो. आमच्या पिढीतली माणसं हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहितो.

नाखवा भ्याला नव्हता असं नाही. पण तो हेडफोन चढवले की शांत व्हायचा. पाण्याशी त्याची ओळख होती, माझी नव्हती.

दुसरा दिवस. समुद्र सपाट, ऊन कडक. दुपारी अडीचला मी त्याला रिलीव्ह करायला गेलो. तो उठत नव्हता. डोळे मिटून ऐकत होता. मग एका कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाला, आत्ताच लागलंय, रेड फोर-फाइव्ह, दोन हजार यार्ड. रेड म्हणजे डावी बाजू, फोर-फाइव्ह म्हणजे पंचेचाळीस अंश. मी हेडफोन घेतले. पिंग गेला, परत आला. मला तो टणक वाटला.

"मासली हाय ती," नाखवा म्हणाला. "भिव नको."

मी विचारलं, कशावरून? तो चिडला नाही. मी वर जाऊन बघतो म्हणाला, पाण्यावर पक्षी फिरत असतील तर मासळीच, येऊन सांगतो, तोवर तू ब्रिजला मासळी म्हणून कळवून टाक. माझ्या खांद्यावर थाप मारली आणि शिडी चढून गेला.

मी कळवलं नाही. मासळी म्हणून कळवावं आणि ती पाणबुडी निघाली तर? पाणबुडी म्हणून कळवावं तर नाखवा हसेल. त्याची वाट बघत बसलो. ही माझी पहिली चूक.

दोन तेहतीसला जहाजानं उजवीकडे झपकन वळण घेतलं. नागमोडी चालीचं नेहमीचंच वळण, पण वेग जास्त होता. जहाज डावीकडे कलंडलं. मला टेबलाची कड धरावी लागली. मागच्या डेकवर, डाव्या बाजूची कठड्याची साखळी ॲक्शन स्टेशन्समुळे, म्हणजे लढाईच्या तयारीसाठी, काढून ठेवलेली होती. पक्षी बघायला माणूस डाव्या बाजूलाच उभा राहणार.

वरून ओरडा आला, मॅन ओव्हरबोर्ड, पोर्ट साइड, डाव्या बाजूनं माणूस पाण्यात. नाव कुणी सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती.

मग व्हॉइस पाइपमधून कॅप्टनचा आवाज. "सोनार, ब्रिज. एनी कॉन्टॅक्ट?"

हा प्रश्न का विचारला ते जहाजावरच्या पोऱ्यालाही कळलं असतं. बुडणाऱ्याला उचलायचं तर जहाज थांबवावं लागतं. जवळ पाणबुडी असताना थांबलेलं जहाज म्हणजे आयतं सावज. आमच्या जहाजावर दीडशेहून जास्त माणसं होती, मागे तेलाचं जहाज. पाण्यात एक माणूस होता. माझ्या उत्तरावर सगळं होतं.

"ब्रिज, सोनार. एको, रेड नाइन-झीरो, वन फाइव्ह डबल-झीरो यार्ड्स."

"क्लासिफाय."

म्हणजे ते काय आहे ते ठरवून सांग. मी तीन पिंग जाऊ दिले. तो एको आता थेट डावीकडे होता, पण जागचा हललेला नव्हता, आम्हीच त्याच्या बाजूने पुढे आलो होतो. हेही मासळीचंच लक्षण. मला ते तेव्हाही दिसत होतं. नाखवानं मासळी म्हटलंय, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. कॅप्टन नाखवाचे कान ओळखून होता. ते वाक्य ऐकून तो कदाचित थांबला असता. पण थांबल्यावर टॉर्पेडो आला असता तर, हा विचार हटत नव्हता. त्या कपाटाएवढ्या खोलीत, पाण्याच्या रेषेखाली, मी बसलो होतो.

"पॉसिबल सबमरीन," मी म्हणालो.

"रॉजर."

बस्स, एवढंच. जहाजाचा वेग वाढला. मागून कुणीतरी लाइफबॉय, पाण्यावर तरंगणारं कडं, फेकला. आम्ही फिरून कॉन्टॅक्टवर पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकून हल्ला केला. माणूस पडला त्या जागेपासून आम्ही बरेच लांब होतो, हे लिहिलं पाहिजे. आमच्या स्फोटांनी तो गेला नाही. दुसऱ्या हल्ल्यानंतर ब्रिजवरून निरोप आला की पाण्यावर काहीतरी पांढरं आलंय. मी हेडफोन काढले नाहीत. टेहळणीवरच्या लुकआउटनं नंतर मला सांगितलं, मासे होते. हजारो, पोट वर करून.

त्याच लुकआउटनं आणखी एक सांगितलं. नाखवा पाण्यात पडल्यावर हात वर करून हलवत नव्हता. डावीकडे, त्या कॉन्टॅक्टच्या दिशेला, दाखवत होता. सगळ्यांना वाटलं वाचवा म्हणतोय.

तीन एकतीसला आम्ही त्या जागी परत आलो. मला वर जायची परवानगी मिळाली. लाइफबॉय सापडला, रिकामा. चाळीस मिनिटं शोधलं, मग काफिल्यामागे निघालो, कारण ती तीन जहाजं तशी सोडून थांबता येत नव्हतं. लांबवर आम्ही मारलेल्या मासळीवर पक्षी उतरले होते. खूप पक्षी होते.

तिन्ही जहाजं मुंबईला सुखरूप पोहोचली. कॅप्टननं मला बोलावून सांगितलं, कदम, डाउट असेल तर रिपोर्ट करायचं, तू तेच केलंस. मी येस सर म्हणालो. चौकशीत मला विचारलं, हँडओव्हरच्या वेळी नाखवा काही म्हणाला होता का. मी नो सर म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

लढाई संपल्यावर सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. मला काटा काढता येत नाही हे तिला माहीत होतं, त्यानं पत्रात लिहिलं होतं म्हणे. तिनं विचारलं, शेवटचं काय बोलला माझा पोर? मी म्हणालो, घाईत होता, काही बोलला नाही.

"जना? आन् गप?" ती म्हणाली. माझ्याकडे बघत राहिली. मग ताटात आणखी एक भाकरी घातली. मी ती खाल्ली. त्या घरी परत गेलो नाही.

ड्रोहेडातल्या त्या खोलीतून मला वीस मिनिटांनी बाहेर काढलं. बाईनं आलेख दाखवला. उजव्या कानाचं बरंच गेलंय, मशीन लावावं लागेल. मग ती जरा घुटमळून म्हणाली की, मी पुष्कळ वेळा आवाज नसताना बटण दाबलं. त्यात काही वावगं नाही, यू आर ग्रँड, एखादा आवाज निसटेल या भीतीनं लोक तसं करतात. मी थँक यू म्हणालो.

शिल्पानं घरी जायच्या आधी गाडी नदीच्या मुखाकडे घेतली. बॉइन तिथे समुद्राला मिळते. तिला वाटलं, मशीनचं ऐकून बाबांना वाईट वाटलंय, जरा हवा खाऊ दे. ओहोटी होती. समोर पाण्याच्या एकाच जागी सीगल घिरट्या घालत होते, खाली सूर मारत होते.

"सील असेल," शिल्पा म्हणाली. "इथे येतात कधी कधी."

"मासळी आहे ती," मी म्हणालो.

ती हसली. माझी मुलगी मला ओळखते. मला मासळीतलं काही कळत नाही. कशावरून, तिनं विचारलं. अगदी मी विचारलं होतं तसंच. मग मी तिला सांगितलं. अडीच वाजल्यापासून तीन एकतीसपर्यंत, क्रमानं, जसं चौकशीत सांगायला हवं होतं. मध्येच तिनं गाडीचं इंजिन बंद केलं. मग तिनं तोच प्रश्न विचारला, जो त्या माउलीनं विचारला होता.

"बाबा, मग ते शेवटचं काय बोलले?"

"भिव नको म्हणाला."

लीडिंग सीमन जनार्दन नाखवा, सोनार ऑपरेटर, वय तेवीस. दुपारी अडीच वाजता, रेड फोर-फाइव्ह, दोन हजार यार्डवरचा कॉन्टॅक्ट त्यानं मासळी म्हणून ओळखला होता आणि तसं मला सांगितलं होतं. त्याचं बरोबर होतं.