चावडीत निजलेला नवरा

कुंदाबाई धरणगावच्या दवाखान्यात नर्स होत्या. मुलं किती आणि कधी, हे नवरा-बायकोने मिळून ठरवावं, असं त्यांचं ठाम मत. मी तिथला कंपाउंडर. माझं मत कोणी विचारत नसे, म्हणून मी ते मोठ्याने सांगायचो, "बाई, आपल्या खानदेशात नवरा-बायको मिळून भाजीसुद्धा ठरवत नाहीत." मग त्या माझ्याशी बोलणं टाकत.

जवळच्या खेड्यातली झुंबरबाई सहाव्या बाळंतपणात मरता मरता वाचली. पुन्हा दिवस गेले तर ती हाती लागणार नव्हती. कुंदाबाईंनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, सुपडूला, समोर बसवून दिवस राहू नयेत म्हणून बाईने आत ठेवायच्या, तेलात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याचा उपाय नीट समजावला. सुपडू घामाघूम. "इचारीसन सांगस," म्हणाला आणि उठला.

त्याने बापाला विचारलं. बापाने भावकीला. भावकीने प्रकरण थेट पंचांकडे नेलं! कुंदाबाई तणतणत खेड्यात गेल्या, आणि मजा बघायला मीही गेलो. पारावर पंचांचे म्होरके हिलालआबा एकेकाचं म्हणणं ऐकत होते. गुराख्याचं मत तर दोनदा घेतलं, कारण त्याला गाई-म्हशींचा अनुभव.

"अहो आबा, त्या दोघांना तरी बोलवा!" कुंदाबाई ओरडल्या.

"त्यासना काय संबंध शे?" आबांना खरंच नवल वाटलं. "हाऊ अख्खा गावना सवाल शे."

निकाल लागला. सुपडूने रोज रात्री चावडीत निजायचं आणि एका पंचाने दाराशी आडवी खाट टाकायची. परतताना बाई बैलगाडीत रडल्या. 'मी म्हणत नव्हतो?' अगदी ओठांवर आलं होतं, पण मलाही वाईट वाटत होतं, म्हणून गप्प बसलो.

वर्ष गेलं, दुसरंही गेलं, झुंबरबाईच्या घरी पुन्हा पाळणा हलला नाही. पंचांची कीर्ती पसरली. शेजारच्या गावांतले बाप आपापले लेक आणून चावडीत घालू लागले. नवऱ्यांना जागा पुरेना, तेव्हा आबांनी पडवी काढायला वर्गणी मागितली.

एका बाजाराच्या दिवशी झुंबरबाई पोराच्या खोकल्याचं औषध न्यायला आली. चांगली भरली होती अंगाने.

"बाई गं, वनवासच की तुझा," कुंदाबाई कळवळून म्हणाल्या. "नवरा तिकडे चावडीत."

झुंबरबाईने तोंडाला पदर लावला. "पंचसनी रातना बंदोबस्त करेल शे. वावरमा भाकर ते मी दुपारले लई जास ना!"

कुंदाबाई ताडकन उठल्या. "अगं, मग दिवस गेले असते तर?"

"कसा जातीन? वावरमा कापूस कमी शे का? तेल मी भाकरसंगे लई जास."

"आणि हे ठरवलं कोणी?"

"आम्ही दोन्हीसनी," ती लाजून म्हणाली.

कुंदाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी निमूट खोकल्याचं औषध बाटलीत भरायला घेतलं.