भिंतीपलीकडची वही

"वहिनी, घ्या लिहून!"

भिंतीपलीकडून ही हाक आली की मी हातातलं काम टाकून मागच्या अंगणात धावत असे. हाक मारणारे गृहस्थ आमचे शेजारी. सीताबर्डीवरच्या एका चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं काम करत. सगळी वस्ती त्यांना भाऊ म्हणे. माणूस समोर आला की भाऊ त्याच्या तोंडाकडे पाहायच्या आधी चष्म्याकडे पाहत. तो हक्काने त्याच्या नाकावरून उतरवत, आभाळाकडे धरत आणि म्हणत, "डावी काच ढिली झाली जी. उद्या दुकानात या." माझा चष्मा त्यांनी असा दोनदा भर रस्त्यात उतरवला होता, आणि दोन्ही वेळा काच खरंच ढिली होती.

प्रताप नगरात तेव्हा घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. रस्त्यावर दिवे नव्हते. थंडीत दिवेलागण झाली की भाऊ जुनी, पट्टा तुटलेली दुर्बीण घेऊन अंगणात उभे राहत आणि एकच तारा पाहत. मीरा.

तुम्ही म्हणाल, एकाच ताऱ्यात रोज काय पाहायचं? मीही हेच विचारलं होतं.

"म्हातारी आहे जी ते," भाऊ म्हणाले. "फुगून लाल झाली. दम लागल्यावानी अंग फुगते, मंग आवळते. अंगावरची धूळ आजूबाजूले सांडत राहते. म्हणून उजेड कमी-जास्त होते तिचा."

अकरा महिन्यांत एकदा मीरा नुसत्या डोळ्यांनाही ठळक दिसते, मग उतरत उतरत नाहीशी होते. अशा ताऱ्याला रूपविकारी म्हणतात हे मला भूगोलाची शिक्षिका असूनही भाऊंकडून कळलं. ती दिसेनाशी झाली की वस्तीतले लोक मुद्दाम विचारत, "भाऊ, कुठं गेली तुमची मीरा?"

"जाते कुठं? आहे तिथंच," एवढं बोलून भाऊ चालू लागत.

उजेड मोजायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. मीरेच्या शेजारचे, न बदलणारे तारे हेच त्यांचं माप. त्या ताऱ्यांचे आकडे नकाशात दिलेले होते, नावं भाऊंनी दिली होती. सगळ्यात झगमगीत तो जरीपटका. एक बारीक निळसर तारा होता, त्याचं नाव खापा. कन्हानकाठचं खापा हे त्यांचं गाव. "आज जरीपटक्याहून डावी, खाप्याहून उजवी," असं ते आधी पुटपुटत आणि मग दोघांच्या मधला आकडा मोठ्याने सांगत. डावी म्हणजे मंद, उजवी म्हणजे ठळक.

या कामाचा एक नियम होता. पाहणाऱ्याने मागचे आकडे बघायचे नाहीत. कालचा आकडा पाहिला की आजचा डोळा तिकडे ओढला जातो. म्हणून वही त्यांच्या बायकोच्या ताब्यात असे. भाऊ अंगणातून म्हणत, "लिव्ह वं!" आणि ती बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून लिहीत असे. नंतर वही तांदळाच्या डब्यात जायची. उन्हाळ्यात मीरा सूर्याआड गेली की वही बाहेर निघे. बाई वाचत, भाऊ आलेखाच्या कागदावर ठिपके देत. मग एक प्रत टपालाने परदेशातल्या एका निरीक्षक मंडळाला जाई आणि तिकडून आभाराचं चार ओळींचं पत्र येई. आमच्या घरात देवांच्या तसबिरी होत्या, त्यांच्याकडे ही पत्रं होती.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर ती बाई तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. भेटायला आलेलं कुणीतरी समजुतीचं बोलायचं म्हणून म्हणालं, "भाऊ, आता तिला ताऱ्यांत पाहा." भाऊ एकदम चिडले. "तारे असे नाही होत जी," म्हणाले आणि आत निघून गेले.

तेरावं झालं त्या संध्याकाळी ते भिंतीशी आले. हातात वही होती. "वहिनी, तुमी लिवान काय? फक्त मले पाहू नका देऊ."

मी हो म्हटलं. आकडा सांगून झाला की ते दुर्बीण भिंतीवर ठेवत. "पाहा तुमी बी. पण तुमाले किती दिसली ते मले सांगू नका." मी पाहायला लागले आणि हळूहळू मला गोडी लागली. भाऊ खुशीत असले की म्हणत, "म्हातारी हल्ली उजळून राहिली जी. उतरतीले बी पहिल्यासारखी मंद पडत नाही."

पुढच्या हंगामात माझ्या लक्षात आलं. भाऊ सांगत, "खाप्याहून उजवी," आणि मला दुर्बिणीतून खापाच उजवा दिसे. एक दिवस, दोन दिवस, आठवडाभर. मीरा उतरत चालली होती आणि भाऊंच्या आकड्यांत ती उतरतच नव्हती.

मला काय करायला हवं होतं ते आज स्पष्ट दिसतं. त्यांना सांगायचं, नाहीतर निमूट त्यांचा आकडा लिहायचा. पण बाई गेल्यापासून त्या माणसाला दुसरं काही उरलं नव्हतं. चुकीचे आकडे गेले आणि पत्र आलं नाही तर? शिवाय माझा हात शिक्षिकेचा. दुसऱ्याच्या वहीत दुरुस्ती करायची त्याला जन्माची सवय. मी भाऊंचा आकडा ऐकला आणि माझा लिहिला. पहिल्या दिवशी थोडासाच बदलला. पुढे सर्रास माझेच लिहू लागले आणि आपण मोठं पुण्य करतो आहोत असंही मला वाटत होतं.

उन्हाळ्यात भाऊ आमच्या ओसरीवर आलेखाचा कागद घेऊन बसले. मी वाचत गेले, ते ठिपके देत गेले. एका तारखेला त्यांचा हात थांबला.

"हे परत वाचा."

मी वाचलं.

"नाही वहिनी. तिले जाऊन वर्ष झालं तो दिवस होता हा. मले याद आहे. मी खाप्याहून उजवी सांगितली होती."

मी वही मिटली. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत; रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, "कधीपासून? किती फरक?" मग उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानातून पिवळी पडलेली एक जुनी काच घेऊन आले. ओसरीवर लाल आणि फिका निळा असे कापडाचे दोन तुकडे ठेवून म्हणाले, "यातून पाहा." काचेतून निळा तुकडा मळकट दिसला, लाल होता तसाच राहिला.

"मोतीबिंदू," भाऊ म्हणाले. "डोळ्यातली काच पिवळी पडली माझी. निळे तारे मंद दिसून राहिले, लाल म्हातारी तशीच. म्हणून उजवी वाटे. जगाच्या काचा तपासल्या जी, आपलीच राहून गेली."

मी म्हटलं, "भाऊ, मी तुमच्यासाठीच केलं हो."

"माहीत आहे. पण वहिनी, माझा आकडा चुकीचा होता. तुमी लिवला तो खोटा होता."

आजही हे वाक्य आठवलं की माझी मान खाली जाते.

त्यांनी जुने आलेख शेजारी शेजारी मांडले. चूक चार हंगामांपासून होती, त्यांचा डोळा तेव्हापासूनच चुकत होता. म्हणजे खोडायची पानं फक्त माझी नव्हती. बाईच्या हातची दोन वर्षं होती. तिचे ते गोल गोल आकडे, मधेच कुठे हळदीचं बोट उमटलेलं. मी म्हटलं, "तिची पानं राहू द्या भाऊ."

"राहू कशी देऊ?" ते म्हणाले आणि पट्टी ठेवून एकेका आकड्यावर बारीक रेघ मारू लागले. खालचा आकडा वाचता येईल इतकी बारीक. हळदीच्या डागाशी आले तेव्हा पट्टी ठेवूनही त्यांना रेघ सरळ ओढता येईना. मला तिथे बसवलं नाही, मी आत जाऊन रडले.

मंडळाला त्यांनी तसं पत्र पाठवलं. वही घरी नेली, दुर्बीण मात्र माझ्याकडे दिली. "ऑपरेशन होईपर्यंत तुमी पाहा. मी लिवतो. मले लिवाले डोळे पुरतात." ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं.

आषाढात, मीरा ढगांआड असताना, भाऊ दुकानातच खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. हातात कुणाचा तरी चष्मा होता. खाप्याहून पुतण्या आला, सगळं उरकलं आणि घराला कुलूप लावून गेला. वही आतच राहिली. मागायचा मला धीर झाला नाही.

श्रावणात एका पहाटे आभाळ उघडलं होतं. मी दुर्बीण घेऊन मागच्या अंगणात गेले. मीरा होती. लाल, चांगली ठळक. जरीपटक्याहून डावी, खाप्याहून उजवी. या वेळी खरोखरच उजवी. मी तीनदा पाहून आकडा ठरवला आणि सवयीने भिंतीशी गेले.

"भाऊ, घ्या लिहून," मी म्हटलं.

पलीकडे स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. मी तिथेच उभी राहून तो आकडा दोनदा सांगितला.