रुळाच्या चिरीतलं नख

या, अशा जवळ सरका. अन आधी थोडी बोलणी खा माझी... तुम्ही सगळे इथं एकमेकांचे अनुभव वाचता, ‘बापरे’ लिहिता अन पुढच्या पानावर पळता. बाई, मग पुढं काय झालं, तू जेवतेस की नाही, हे विचारत कोणीच नाही. असं नका करत जाऊ.

मी भूतप्रेत मानणारी नाही. लग्न होऊन महागावात आली तेव्हा सासूबाई तिन्हीसांजेला विहिरीवर जाऊ देत नव्हत्या, तर मी मुद्दाम जायची. आजही मानत नाही. घडलं तेवढं सांगून राह्यली.

आमच्या यांना आगगाडीचा नाद. महागावात रेल्वे नाही, म्हणून यांनी ती समोरच्या खोलीत आणली... खेळण्यातली, करंटवर चालणारी. प्लायवूडच्या मोठ्या फळीवर रुळाचे दोन गोल, एकात एक. एका रुळावरून दुसऱ्यावर जायला जो तिरपा जोड लागते, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. तो विकतचा यांना चालत नव्हता. दोन रूळ कानशीनं घासून टोकदार करायचे, कथील वितळवून डाग देऊन जोडायचे, अन जवळच रुळात केसाएवढी चीर ठेवायची. चीर नसली की इकडचा करंट तिकडच्याला भिडते, इंजिन जागीच मरते. अन आपला उन्हाळा तुम्हाले माहीतच आहे - रूळ फुगते, चीर बुजते. म्हणून हे त्या चिरीत आपल्या अंगठ्याचं नख कापून बसवायचे. मी म्हणायची, “किळस नाही येत?” हे म्हणायचे, “तुह्या वरणात थोडीच टाकून राह्यलो?”

एक नियम मात्र पक्का. इंजिन हातानं उचलायचं नाही. रुळानं गेलं, रुळानंच आलं पाहिजे.

पहिला क्रॉसओव्हर झाला, इंजिन आतल्या गोलात गेलं. बाहेर यायचा दुसरा अर्धा झालता, अन यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी हलायची. ‘हो’ असलं की डोळे मिटायचे, ‘नाही’ असलं की उघडे ठेवायचे. पलंग त्याच खोलीत टाकला, समोर ती फळी, आत अडकलेलं इंजिन. मी हात लावला नाही.

चैत्रातल्या एका दुपारी मी दाराला कुलूप लावून दळण आणायला गेली. किल्ली कमरेला. परत येऊन पाहते तर इंजिन बाहेरच्या रुळावर. पिठाचा डबा तसाच कडेवर घेऊन वाकली... दुसरा क्रॉसओव्हर पुरा झालता. डाग अगदी यांच्यासारखा, ज्वारीच्या दाण्याएवढा. चिरीत नख. डाग द्यायचं यंत्र खुंटीवरच होतं, थंड.

“अहो, तुम्ही उठलते?”

डोळे उघडे.

“मग कोणी आलतं?”

यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. कडेतून पाणी आलं.

मी ओळखीच्या एकेकाचं नाव घेतलं, जिवंत अन मेलेल्यांचंही. डोळे उघडेच.

मुलाला फोन केला. विलास यवतमाळला असतो. आला, चष्मा काढून जोड पाहिला अन हसला. “आई, बाबाचं नख हाय हे. बाबा उठतेत. तुह्यासमोर तेवढे पडून राह्यतेत.”

“अरे, डॉक्टरनं सांगितलं ना, उजवा हात...”

“डॉक्टर होता का खोलीत?”

त्यानं पाण्याचा गिलास स्टुलावर ठेवला, पलंगापासून हातभर लांब. “तहान लागली की उठतीन.” मी उठायला गेली तर माझं मनगट धरून बसला. जोरानं नाही, मायेनंच. “तुह्या लाडानंच थे पडून हायेत आई. आजचा दिवस कळ काढ.”

यांची नजर गिलासावरून माझ्यावर, माझ्यावरून गिलासावर. खिडकीतलं ऊन सरकत फळीवर आलं. विलास दुसऱ्या हातानं मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, पुरावा म्हणून. “बाबा, इंजिन बाहेर काढता येते, गिलास घेता नाही येत?”

यांनी डाव्या हाताची बोटं गादीच्या कडेत रुतवली अन अंग ओढलं. आले ते सरळ कमरेवर, फरशीवर. तुराटी मोडावी तसा आवाज झाला.

व्हिडिओत ते सगळं आहे. कोणीही पाहिलं तर कळते की उजवी बाजू मेलेलीच होती. विलासलेही कळलं. मी त्याचं तोंड पाहिलं तेव्हा.

खुबा मोडला. पावसाळा लागायच्या आत हे गेले.

तेरवीला विलास माझ्याजवळ येऊन बसला. मले वाटलं, आता रडते पोरगा. तो म्हणाला, “बाबा तर उठू शकत नव्हते. किल्ली तुह्याजवळ होती. नखं तूच कापत होती. इतके वर्षं बाजूले बसून पाहून शिकली असशीन. काहून केलं आई तू थे? मी त्या जोडावरच तर भरवसा ठेवला.”

तेव्हापासून तो येत नाही.

मी कानस कधी हातात धरली नव्हती. डाग देणं मले येत नाही. यांची नखं मी मागच्या दारी टाकत होती. पण माझ्याशिवाय दुसरं नाव सांगायला मलेही सापडत नाही. कधी वाटते, मीच केलं असंन का... मग रुळाचे दोन तुकडे घेऊन दुपारभर घासत बसते. टोक येत नाही. बोटं सोलून निघतात. कोण आलतं, ते मले आजवर उलगडलं नाही.

तुमच्यात कोणी असे रूळ हातानं बनवत असंन तर या. बसस्टँडवर विचारलं तर कोणीही घर दाखवते. तो जोड पाहा, माझे हात पाहा, अन तुम्हाले काय दिसलं ते विलासले सांगा. जेवल्याशिवाय मात्र जाऊ देणार नाही. लवकर या.