शेवयाच्या मशीनीला विंडो लागत नाही

त्या बटनाला मी हात लावला नव्हता. हे मी बचत गटाच्या बैठकीत सांगितलं, बोरिंगवर पाणी भरताना सांगितलं, नवऱ्याला भात वाढता वाढता सांगितलं. कोणी मानलं नाही. नवरा तर म्हणाला, "लागला असन चुकून." इतकी वर्षं सोबत राहून या माणसाला एवढं कळलं नाही की माझा हात कुठे चुकून लागत नाही. लागतो तो नेम धरून लागतो.

आमच्या गटाचे किस्से तसे ढिगानं आहेत. बारा बाया एका खोलीत बसल्या की किस्सा तयार व्हायला वेगळा माल लागत नाही. वाळायला टाकलेले पापड माकडांनी नेले, तो एक. साहेबांच्या सत्काराचा नारळ साहेब यायच्या आधीच चटणीत गेला, तो एक. पण कम्प्युटरचे किस्से सगळ्यात जास्त. आणि ते गावभर सांगितले जातात ते चुकीचे, कारण त्यात शेवटी मी चोर ठरते. म्हणून आता मीच लिहिते. चौथी पास आहे, तेवढं पुरतं.

* * *

आमचं गाव चामोर्शीपासून आत, जंगलाच्या कडेला. विहाराला लागून गटाची खोली आहे. तालुक्याच्या मॅडम गटांचं काम पाहतात. त्यांनी एक दिवस सांगितलं की तुमच्या गटाला एक वस्तू मिळेल. शेवयाची मशीन घ्या, नाही तर चंद्रपूरच्या एका ऑफिसातून निघालेला जुना कम्प्युटर घ्या.

सगळ्या बाया म्हणाल्या, शेवया. मी म्हणाले, कम्प्युटर.

कारण साधं होतं. गावातल्या पोरींना कोणताही फॉर्म भरायचा म्हटलं की चामोर्शी गाठावी लागते. तिथं गेलं की सर्व्हर डाऊन. उद्या या. उद्या गेलं की फोटो चालत नाही, परवा या. आमच्या गटाची सचिव सुनंदा बारावी शिकलेली आहे, टायपिंग येतं तिला. मशीन घरात असेल तर हे सगळं गावातच होतं. शेवया काय, हातानंही वळता येतात.

त्या बैठकीत मतदान वगैरे झालं नाही. अध्यक्ष मीच, मी बोलले आणि बाकीच्या गप्प बसल्या. आमच्यात यालाच ठराव म्हणतात.

कम्प्युटर ऑटोतून आला, चादरीत गुंडाळून. नातवाला दवाखान्यातून आणावं तसा आम्ही उतरवला. बटन दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ आली आणि तिथंच थांबली. सुनंदानं मॅडमला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, देताना आतलं सगळं पुसून दिलं आहे, आता विंडो मारावी लागेल, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्राम नव्यानं भरावा लागेल, त्याशिवाय ती मशीन म्हणजे नुसता डबा.

खोलीच्या मागंच मैनाबाईचं घर. शेवयासाठी सगळ्यात जास्त तीच भांडली होती. तिनं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "शेवयाच्या मशीनीले विंडो लागत नाई."

हे वाक्य त्या दिवसापासून माझ्यामागं लागलं. मी रस्त्यानं गेले तरी कोणी ना कोणी ते म्हणायचंच.

* * *

चामोर्शीच्या बाजाराच्या रस्त्यावर राजूचं दुकान आहे, मोबाईल आणि कम्प्युटर दुरुस्तीचं. तो म्हणाला, मशीन दुकानात आणून टाका. मी म्हणाले, नाही. आमच्या गावातून दुरुस्तीला गेलेला एक टीव्ही परत आला तो मुका होऊन आला होता. "मी तुमाले चोर म्हनत नाई राजूभाऊ. पन मशीन गावातून हालनार नाई."

"मंग एवढ्या दूर येऊन मले काय भेटन, बाई?"

"काम झालं तं गावठी कोंबडी."

राजू त्याच दिवशी आला.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते. हल्ली बॉयलर कोंबडी सगळीकडं मिळते आणि मसाला मारला की पाहुण्याला पत्ता लागत नाही. म्हणून गावठी कबूल केली असेल तर पाहुणा आला की आधी त्याला ती जिवंत दाखवायची. त्याच्या समोर बांधून ठेवायची. मग नंतर कोणी बोलायला मोकळा राहत नाही.

मैनाबाईनं तिची टिकली आणली. काळीभोर कोंबडी, डोक्यावर पांढरा ठिपका, अंगानं भरलेली. सुतळीनं तिचा पाय टेबलाच्या पायाला बांधला आणि समोर मूठभर तांदळाची कणी टाकली. राजूनं आधी कोंबडी नीट पाहिली, मग कम्प्युटर.

नियम मी तेव्हाच सांगून टाकला. काम झालं तर कोंबडी, नाही झालं तर वरण-भात.

टेबल डुगडुगत होतं, म्हणून पडदा टेबलावर आणि डबा खाली जमिनीवर ठेवला होता. राजूनं पेन ड्राईव्ह लावला, काम सुरू केलं आणि आम्हाला डब्याच्या तोंडाशी एक बारीक लाल लाईट दाखवली. ही लुकलुक करते तोवर आत काम चालू आहे समजायचं. तिच्या बाजूलाच एक बटन होतं, वरची टोपी तुटलेली. "ह्याले हात लावू नका. जरासं दाबलं तरी सगळं पयल्यापासून."

बाराही बायांनी वाकून ते बटन पाहिलं. माझा दोष एवढाच की सगळ्यात पुढं मी होते.

* * *

विंडो मारायला वेळ लागतो. आणि आमच्या गावात पाहुण्याला एकट्याला बसवून ठेवत नाहीत, चहाला नेतात. एका घरी नेलं की दुसऱ्या घराला राग येतो, मग तिथंही जावं लागतं. राजू चहा पीत पीत गावाच्या त्या टोकाला गेला, त्याच्यामागं बाकीच्या बाया गेल्या, मी तेवढ्यात घरी जाऊन आले.

परत येऊन पाहिलं तर पडद्यावर पहिलंच पान. कोणती भाषा पाहिजे, असं विचारणारं. झालेलं सगळं काम पुसून मशीन पुन्हा दारात उभी.

राजूनं परत सुरू केलं. तेवढ्यात उरलेल्या घरांचं बोलावणं आलं. परत आला तर परत तेच पान.

"पेन ड्राईव्ह खराब हाये," राजू म्हणाला.

त्याला वरण-भात वाढला. मैनाबाईनं टिकली सोडून घरी नेली.

* * *

पुढच्या खेपेला नवा पेन ड्राईव्ह आला. टिकली आली, कणी आली, चहा आला. आणि पहिलं पान आलं. राजू म्हणाला, आतली रॅम मळली आहे. ती पट्टी काढून त्यानं सुनंदाच्या पोरीच्या खोडरबरानं घासली. वासाचं खोडरबर होतं, खोलीभर स्ट्रॉबेरीचा वास सुटला. काम मात्र झालं नाही.

नवरा म्हणाला, व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल. लाईनमन गावात खांबावर चढलेला होता. मी खाली उभी राहून त्याला विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत शिडी धरून ठेवली. तो म्हणाला, "बाई, लाईट बरोबर हाये, मले उतरू द्या." मलाही ते पटलं, कारण कम्प्युटर पहिल्या पानावर यायचा तेव्हाही वरचा पंखा फिरतच असायचा.

मग राजूनं हार्ड डिस्क बदलली. चंद्रपूरहून दुसरी आणून बसवली. डिस्क नवी, पान तेच. राजूचं वरण-भातानं वजन कमी झालं असं तो म्हणत होता, आणि टिकली मात्र येऊन जाऊन कणी खाऊन दुप्पट झाली होती.

तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलले. "मशीन बंद पडून नाई राह्यली. तिले कोनीतरी बंद करून राह्यलं."

बोलायला नको होतं असं नाही. पण बोलल्याबरोबर सगळ्या माझ्याकडं पाहायला लागल्या. कारण मला शुगर आहे. गावात चहाला जात नाही अशी मी एकटीच.

* * *

मी म्हणाले, ठीक आहे, मीच पहारा देते. पुढच्या वेळी सगळे चहाला गेले तशी मी आतून कडी लावली आणि पडद्यासमोर खुर्ची टाकून बसले. पडद्यावर किती काम झालं त्याचा आकडा चढत होता. मी त्याच्यावरची नजर काढली नाही. पापणीसुद्धा गरजेपुरतीच लववली.

आकडा अर्ध्याच्या वर गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत पडदा काळा झाला. मग पहिलं पान.

कडी काढली. राजूनं पडदा पाहिला, कडी पाहिली. "आत तुमी एकट्याच होत्या?"

"एकटीच."

"मंग बाई..." एवढंच बोलून त्यानं पेन ड्राईव्ह काढून खिशात घातला. ते जास्त लागलं.

मैनाबाई म्हणाली, "दाबून पाह्यलं असन. हौस रायते मानसाले."

सुनंदा माझ्या बाजूची. पण तीही त्या दिवशी माझ्याकडं न पाहता वायर गुंडाळत बसली.

चार घरं फिरून ही गोष्ट मॅडमपर्यंत गेली. मॅडमचा फोन आला. अध्यक्षबाई मशीनशी छेडछाड करतात असं ऐकलं, म्हणाल्या. पुढच्या बैठकीला मी स्वतः येते. तोवर कम्प्युटर चालू नसेल तर तो बाजूच्या गावच्या गटाला देऊन टाकू.

बाजूच्या गावच्या बायांनी त्याच्यासाठी कापडी कव्हर शिवून ठेवलं होतं. झालरीचं. ते मला बाजारात मुद्दाम दाखवलं गेलं.

मी त्या बाईला तिथंच सांगितलं, त्याची उशी करून घे.

* * *

बैठकीचा दिवस उजाडला. राजू सकाळीच आला, तोंड पाडून. मैनाबाईनं टिकली आणून बांधली, कणी टाकली. म्हणाली, कशाले बांधून राह्यली मी तरी, आज पन वरन-भातच होनार.

मी खोलीचं दार लावून घेतलं. सांगितलं, आज कोणी चहाला जायचं नाही. सगळ्यांनी मशीनसमोर बसायचं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. बाया कुरकुरल्या, पण बसल्या.

"राजूभाऊ, तुमी पन."

"मी मेकॅनिक हावो, बाई."

"मेकॅनिकलेही हातच असतात."

राजूनं काम सुरू केलं आणि हात डोक्यावर घेतले. मी सगळ्यांच्या पुढं, माझेही हात डोक्यावर. आकडा चढायला लागला. खोलीत पंख्याचा आवाज, बाकी काही नाही.

आकडा अर्ध्यावर आला.

टुक.

पडदा काळा.

बाराही बायांचे हात डोक्यावर होते. राजूचे डोक्यावर होते. मैनाबाईच्या तोंडात शेवयाची मशीन आलीच होती, ती तिथंच थांबली.

मग आम्ही सगळ्यांनी माना खाली केल्या. टेबलाखालची कणी संपली होती. पडद्यावर पहिलं पान आलं, डब्याची लाल लाईट पुन्हा लुकलुकायला लागली, दाण्याएवढी. टिकलीनं मान तिरपी केली, एका डोळ्यानं लाईट पाहिली, नेम धरला. लाईट नाही सापडली, बाजूचं बटन सापडलं.

टुक.

जिची भाजी विंडो झाल्यावर होणार होती, ती विंडो होऊ देत नव्हती.

मैनाबाईचे हात डोक्यावरच राहिले होते. तिला मीच म्हणाले, "उतरव आता. शिक्षा संपली."

टिकलीला अंगणात नेऊन बांधलं. राजूनं परत सुरू केलं आणि या वेळी त्याला चहाला जायला मीच सांगितलं. परत आला तेव्हा पडद्यावर निळं चित्र होतं. सुनंदानं त्याच्यावर पहिलं काय लिहिलं, तर आमच्या गटाचं नाव. लिहून झाल्यावर माझ्याकडं वळून पाहिलं.

* * *

मॅडम दुपारी आल्या. कम्प्युटर चालवून पाहिला. एका पोरीचा फॉर्म सुनंदानं मोबाईलचं नेट जोडून त्यांच्यासमोर भरून दाखवला. बाजूच्या गावच्या कव्हरचा विषय निघाला नाही.

मग जेवण. नियम तो नियम. मॅडम पाटावर बसल्या, त्यांच्या बाजूला राजू. भात आणि लाल तर्रीचा रस्सा. मॅडमनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, अशी चव तालुक्याला मिळत नाही. राजू खाली मान घालून जेवत होता.

जेवता जेवता मॅडमना आठवलं. "काम झालं ते चांगलंच झालं. पण इतके दिवस सगळ्यांना हेलपाटे पडले. मशीनशी छेडछाड कोण करत होतं, ते नाव मला पाहिजे. अध्यक्षबाई, तुम्ही होता की नाही?"

मैनाबाई भाताकडं पाहायला लागली. सुनंदा पाणी आणायला उठली, तांब्या भरलेला असताना. राजूचा घास हातातच राहिला.

मी पातेल्यात वाटी घातली, मॅडमच्या ताटात चांगली मांडी पाहून वाढली, वरून रस्सा सोडला आणि नाव सांगितलं.

"टिकली."