चार चुलींची वेणूबाई

वेणूबाईला स्वप्नं पडायची ती दिवसाढवळ्या, आणि तीही कढईत. तेल तापलं की त्यात तिला रूळ दिसायचे. कर्जतपासून कल्याणपर्यंत रुळाच्या कडेनं एकेक चूल, चुलीवर कढई, कढईतून वर चढणारी निळसर धुराची वेल, आणि सगळ्या धुरांना वास एकच.

"वैनी, भजी करपली!" नणंद सखू ओरडायची, की रूळ बुडाले तेलात.

अठ्ठेचाळीस साली नवरा काड्यापेटीच्या कारखान्यात लागला, तेव्हा वेणूबाईनं अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनाबाहेर पहिली चूल मांडली. नियम एकच: गाडीनं शिट्टी मारायच्या आत पुडी गिऱ्हाइकाच्या हातात. दोन वर्षांनी बदलापूरची चूल सखूला दिली, मग वांगणीची ठमीला. ठमी डोंगरावरच्या पाड्यातली. हसली की अख्खं स्टेशन ऐकायचं.

दर आठवड्याला वेणूबाई प्रत्येक चुलीवर जाऊन एक भजं खायची. डोळे मिटून. घास गिळेपर्यंत कुणी श्वास घ्यायचा नाही.

"ठमे, ह्यात कुनाचा हात हाय?"

"माझाच की, बाय!"

"तुझा नको. माझा पायजे!"

ओवा पुन्हा चिमटीनं मोजला जायचा. कारखान्यातले कारकून चिडवायचे, "काय बाई, आज कुठल्या ब्रँचचा दौरा?" उपड्या डब्यावर बसल्या बसल्या ती मान ताठ करायची, जशी काही खाली डबा नाही, घोडी आहे.

चौथी चूल तिला कॅम्पात हवी होती, विठ्ठलवाडीच्या बाजूला. तिथं लष्कराच्या जुन्या बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहत होती. एका गल्लीच्या तोंडाशी टेकचंदकाकांची रिकामी टपरी होती. काका प्रत्येक शब्दाला एकदा मान हलवायचे.

"देखो बाई. ये जगा मेरा भतीजा भी माँगता है. तुला एक दिवस देतो. हमारी गली की औरतें तेरा भजिया खाएँगी, तो जगा तेरी. नहीं, तो राम राम."

एकच दिवस! वेणूबाई मुहूर्ताला विष्णुपंत जोशांकडे धावली. विष्णुपंत नाकातून बोलायचे, त्यामुळे पंचांगालाही सर्दी झाल्यासारखं वाटायचं. "श्रावण चाललाय. अष्टमीला गोकुळाष्टमीचा उपास, तुझी भजी खाणार कोण? आदला दिवस घे. वद्य सप्तमी. उंऽत्तम!"

सप्तमीला सकाळी नणंद-भावजय कॅम्पात उतरल्या. वेणूबाईनं बराकींच्या रांगेवरून नजर फिरवली आणि तिचा चेहरा फुलला.

"सखू, बघ! एकाच्याबी घरातून धूर नाय. कुनाचीच चूल पेटली नाय. अख्खी गल्ली उपाशी, आपल्यासाठी!"

तिनं दुप्पट पीठ भिजवलं. पहिला घाणा निघाला, सोनेरी, खुसखुशीत. बायका दारांत आल्या, बघितलं, आणि पोरांना आत ओढून घेतलं. पहिला घाणा मऊ पडला. दुसरा निघाला. तोही मऊ पडला. शेवटी शेजारच्या दारातली ईश्वरीबाई तोंडावर पदर धरून पुढं आली.

"ए बाई! आज आग?"

"मंग काय, थंड भजी देऊ?"

"थदडी आहे आज, थदडी! काल रात्री आम्ही चुल्ह्यावर पाणी शिंपडलं, हात जोडले. आज देवीमाता चुल्हे में सोती है. सगळे कालचं थंड खातात. और तू उसके कान के पास कढाई चढाती है!"

वेणूबाईनं गल्लीकडे पुन्हा बघितलं. मघाशी उपाशी दिसलेली गल्ली आता निजलेली दिसत होती. पाळण्यातलं मूल नुकतं डोळे मिटतं तेव्हा घर जसं पावलं न वाजवता चालतं, तशी ती गल्ली चालत होती. भांड्याचासुद्धा आवाज नव्हता.

तेवढ्यात लांब कारखान्याचा भोंगा झाला.

"वैनी, पाळी सुटली," सखू कुजबुजली. "मजूर ह्याच वाटेनं जातील. हातोहात खपतील भजी."

"काकांची बोली बायकांची हाय, मजुरांची नाय."

"ती तर गेलीच की! पीठ तरी वाचव."

खरंच होतं ते. टपरी गेली होती. विस्तव विझवून ती काही परत येणार नव्हती. वेणूबाईनं कढईतले रूळ एकदा डोळे भरून बघून घेतले, कढई खाली उतरवली, आणि तांब्यातलं पाणी लाकडांवर शिंपडलं. चर्रर्र झालं.

"निजू दे तिला," ती म्हणाली आणि हात जोडले.

थोड्या वेळानं ईश्वरीबाईनं गोड लोला आणला, जाड गुळचट पोळी, आणि वाटीभर दही. पाच वर्षं 'गऽरम, गऽरम' ओरडणाऱ्या बाईनं कालचं गारढोण खाल्लं. डोळे मिटून. मग पलीकडच्या दारातून दुसरा लोला आला, तोही खाल्ला.

"दोन घरं, आनि हात एकच?"

"हमारी पूरी गली की एकच रीत," ईश्वरीबाई म्हणाली.

संध्याकाळी काका आले. "तो बाई, औरतों ने खाया?"

"नाय काका. राम राम." ती बोचकं बांधू लागली.

काकांनी ओल्या लाकडांवर बोट फिरवलं. "चुल्हा सोया था?"

"हां."

"फिर दुकान खुला कब?" मान हलली. "सोया हुआ दिन मैं गिनता नहीं. अष्टमी होऊ दे, मग ये."

गोपाळकाल्याच्या दिवशी पहिली पुडी ईश्वरीबाईनं घेतली. "हाय हाय, मिर्ची!" म्हणून ती डोळे पुसत राहिली आणि दुसऱ्या पुडीसाठी हात पुढं केला. तिच्यामागं गल्ली उभी होती.

तेव्हापासून वर्षातून एक दिवस चारी चुली गार. वांगणीला गाडीच्या खिडकीतून कुणी विचारायचं, "काय गं, आज भजी नाय?" आणि ठमी थेट वेणूबाईच्या आवाजात सांगायची, "आज चूल निजलीया. हळू बोला."

त्या दिवशी वेणूबाई अंबरनाथला उपड्या डब्यावर बसून राहायची, मिटल्या डोळ्यांनी. रुळाच्या कडेनं चार ठिकाणी धूर नसायचा. आणि चारी ठिकाणी त्याचं नसणंही एकसारखंच असायचं.