सात पट्ट्यांची कमान

१९६२ साल. मी एकोणतीस वर्षांचा होतो, आणि अंगणात कमानीचा साचा मांडून एकटाच बसलो होतो.

डोणगावच्या पलीकडे आमचं गाव. तिथल्या बौद्ध वस्तीत विहाराचं बांधकाम चालू होतं. दाराला गोल कमान पाहिजे होती. गावातल्या सुतारांत माझ्या मोठ्या भावाचा शब्द चालायचा. तो त्यांना नाही म्हणाला, म्हणून गावातले सगळे सुतार नाही म्हणाले. मी हो म्हणालो. पुण्य म्हणून नाही. भाऊ म्हणाला होता, "पट्ट्या चिकटवून कमान होते काय बे? तुले जमत नाही ते."

आमच्याकडे गोल काम म्हणजे जाड लाकूड कोरायचं. त्यात लाकडाची रेषा तुटते, आणि तिथंच ते फुटतं. मी खामगावच्या एका वर्कशॉपमध्ये दुसरी रीत पाहिली होती. सागाच्या पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, साच्यावर वाकवून वाळवायच्या. मग एकीवर एक सरसाने चिकटवून शिकंज्यांत आवळायच्या.

अडचण एकच. सरस गरम आहे तोवरच धरतो. दहा हात पाहिजेत. भावाच्या धाकानं माझ्याकडे कोणी फिरकत नव्हतं. विडी मागायलाही नाही. बायको माहेरी. आठ दिवस मी फक्त रंध्याचा आवाज ऐकला.

विहाराचं काम पाहणारे जयवंतराव आले. "मिस्त्री, आम्ही धरू काय पट्ट्या?"

"नाही. कारागिराच्या कामाले गिऱ्हाइकाचा हात लागत नाही."

"गिऱ्हाइकाचा, का आमचा?"

मी पट्टी घासत राहिलो.

त्यांनी डब्यात वाकून पाहिलं. "सरस तं ढोराच्या चामड्याचा हाय. तो चालते तुमाले."

ते गेले. मी एकट्यानं सरस लावला. एक टोक गुडघ्याखाली, मधला भाग छातीखाली. तिसरा शिकंजा आवळेपर्यंत सरस थिजला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिकंजे सोडले, तर सातही पट्ट्या सुट्या. भाऊ कुंपणापाशी उभा राहून पाहून गेला.

सरस कोणाच्या तोऱ्यासाठी थांबत नाही, एवढं मी त्या दिवशी शिकलो. दुसऱ्यांदा केलेली कमान अजून दारावर आहे, एक सांधा उघडलेला नाही.

दुसऱ्या सकाळी उठून मी पट्ट्या खरवडल्या आणि वस्तीत गेलो. जयवंतरावांच्या ओट्यावर बसलो. चहा मागितला. पूर्ण कप प्यालो.

"चार माणसं पाहिजेत," मी म्हणालो. "सरस भिजत घालून आलो हाय."