काहूनबाई

या बाईने माझं डोकं जेवढं खाल्लं, तेवढं माझ्या सख्ख्या भावानेही खाल्लं नाही. एका प्रश्नाचं उत्तर द्या, की लगेच "काहून?" म्हणजे, का? आमच्या बोलीतला हा एकच शब्द ती पहिल्या दिवशी शिकली आणि आयुष्यभर आमच्यावरच चालवला. आमच्या एकोडी गावात तिचं खरं नाव कोणी घेत नाही. काहूनबाई म्हटलं की झालं.

पहिल्यांदा आली तेव्हा पोरगीच होती. नागपुरात समाजशास्त्र शिकत होती आणि बायांच्या कामावर पीएचडी करायची म्हणून आमच्या गावात खोली करून राहिली. मी चौथी शिकलेला. मले वाटलं, एवढं शिकून हिला आमच्या धानाच्या बांधीतला चिखल कायले पाहायचा आहे? एकदा साडी खोचून स्वतःच धानाची रोपं लावायला, रोवण्यात उतरली. तिने लावलेले परे माझ्या बायकोने, कौसल्येने, मागून उपटून पुन्हा सरळ लावले. ते पण हिने वहीत लिहून घेतलं.

तिची सवय अशी, की तुमचं उत्तर लिहायचं, मग तुम्हालाच वाचून दाखवायचं आणि विचारायचं, बरोबर का? एका सकाळी तिने विचारलं, काल तुमच्या रोवण्याला किती माणसं होती? मी म्हटलं, दोन. मी आणि माझा भाऊ. तिने वाचून दाखवलं. मी म्हटलं, बरोबर. गावातल्या सगळ्या घरांनी तिला असंच सांगितलं, कुठं दोन, कुठं तीन. पुढल्या सालच्या रोवण्याला ती आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून मोजत होती. बांधीत आम्ही दोघं भाऊ आणि सतरा बाया.

"काकाजी, दोन काहून सांगितले?"

"माणसं दोनच होती. बाकीच्या बाया होत्या."

तिचं तोंड एवढंसं झालं. साऱ्या गावाच्या वह्या चुकल्या होत्या, तिच्या सरांनी त्या परत केल्या, आणि आठ दिवसांनी ती पुन्हा आमच्या धुऱ्यावर येऊन रडायला लागली. शिक्षण सोडून घरी जाते म्हणाली. कौसल्या चिखलाचे हात धुऊन तिच्याजवळ बसली.

"पोरी, या बाप्यायले माणसं नको विचारू. हात किती होते, थे विचार."

बस, तिथून सगळं बिघडलं. ती पुन्हा घरोघर फिरली, हात मोजत. त्याच्यावर डॉक्टर झाली, कॉलेजात लागली, पुढे स्त्री-अभ्यास विभागाची प्रमुख झाली. पुस्तक निघालं. पहिल्याच पानावर आभार मानले, त्यात सगळ्यात वर कौसल्येचं नाव. आणि मधल्या एका पानावर मी: "घरमालकाने उत्तर दिले, दोन."

दरवर्षी ती विद्यार्थी घेऊन यायची. मुली मले पाहून एकमेकींना कोपर मारायच्या, हेच का ते दोन माणसंवाले काकाजी? मी बोलीत काय चूक केली, सांगा. साऱ्या गावात माणूस म्हणजे माणूस आणि बाई म्हणजे बाई. दर खेपेला मी तिला सांगायचो, ते वाक्य काढा, माझी इज्जत जाऊन राहिली. ती हसून चहा प्यायची.

यंदा ती रिटायर झाली. उन्हाळ्यात एकटीच आली, पेन्सिल घेऊन. पुस्तक पुन्हा छापायचं आहे म्हणाली. ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"काकाजी, तुम्ही म्हणा चूक होती. मी आत्ता खोडते."

कौसल्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हना ना. दात पडतीन का?"

मी नाही म्हटलं. चूक नव्हती तर कायले म्हणू? काहूनबाईने पेन्सिल पर्समध्ये टाकली, पुस्तक माझ्या खाटेवर ठेवलं, पाया पडली आणि गेली. नोकरी संपली, विद्यार्थी नाहीत, आता यायला निमित्त नाही, हे तिलाही माहीत होतं. घर शांत झालं, याचा मले आनंद व्हायला पाहिजे होता.

मग रोवणा लागला. गुडघे गेले म्हणून मी धुऱ्यावर बसलो होतो; बांधीत माझा भाऊ आणि अठरा बाया. शेजारच्या शेतातून भाऊरावने ओरडून विचारलं, किती माणसं लागली आज?

"एकोनीस," मी म्हटलं.

"एवढी माणसं कुठून आनली बाप्पा? आमच्याकडे तं बायाच भेटून नाही राहिल्या."

बांधीत कौसल्या परे हातात धरून कमरेतून सरळ झाली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी फोन लावला. म्हटलं, म्याडम, ते वाक्य राहू द्या, मी आता खोडा म्हणत नाही.

"काहून?"

"मी बोललो होतो तसं. खोटं कायले करता?"

तिकडून तोच जुना आवाज. "काकाजी, आज रोवण्याला किती माणसं होती?"

मी एकोणीस म्हटलं, आणि तिने पुढचं काहून विचारायच्या आत फोन कापला.